वेगात पळायचे बूट घेताय? आधी रस्ता बघा, पाय बघा, मग पैसे काढा

वसई : डिसेंबरात होणारी वसई-विरारची मॅरेथॉन आणि पोलीस भरतीचं ग्राऊंड, या दोन गोष्टींमुळे आपल्या जिल्ह्यातली शेकडो पोरं-पोरी पहाटे अंधारात रस्त्यावर उतरतात. विरारच्या बोळींज-आगाशी रस्त्यावर, वसईत सुरुची बागेच्या किनाऱ्याजवळ, तिकडे वाडा-विक्रमगडला शाळेच्या मैदानावर. सराव सगळ्यांचा चालू असतो. बुटांचा विषय निघाला की मात्र दोन टोकं दिसतात. एक जण सहाशे रुपयांच्या रोजच्या बुटांवर सगळं पळतो आणि नडगी धरून बसतो. दुसरा मोबाईलवर व्हिडिओ बघून दहा-बारा हजारांचे कार्बन प्लेटवाले बूट मागवतो, त्यासाठी घरच्यांकडून उसने घेतो आणि महिनाभरात पोटरी धरून बसतो.

दोघांचीही गडबड एकाच ठिकाणी होते. आपल्याला नेमकं किती अंतर, किती वेगात आणि कुठल्या जमिनीवर पळायचं आहे, हे ठरवायच्या आधीच बूट घेतलेले असतात.

बुटाने नेमके किती सेकंद वाचतात?

आधी भरतीचा हिशोब बघू, कारण इथे सेकंदाला गुण आहेत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं आणि त्याला २० गुण असतात. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर पूर्ण २० गुण. त्यापुढे ५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत १८. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण गुण आहेत. (नवीन जाहिरात आली की तक्ता पुन्हा तपासून घ्या, नियम बदलू शकतात.)

५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ४०० मीटरचा एक राऊंड ७७ ते ७८ सेकंदांत, असे सलग चार. किलोमीटरच्या भाषेत सांगायचं तर साधारण ३ मिनिटं १४ सेकंदांना एक किलोमीटर. हा वेग चांगलाच आहे.

आता बूट त्यात किती मदत करतो? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. धावपटूंच्या बुटात गुपचूप वजन घालून त्यांना ३००० मीटर पळवलं. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की वेळ पाऊण टक्क्याहून थोडा जास्त वाढत होता. हाच हिशोब १६०० मीटरला लावला तर ३१० सेकंदांत फरक पडतो साधारण अडीच सेकंदांचा.

म्हणजे साडेतीनशे ग्रॅमचे जड बूट सोडून अडीचशे ग्रॅमचे घेतले तर दोन-तीन सेकंद मिळतील. ५ मिनिटं १२ वर अडकलेल्या पोराला हे दोन-तीन सेकंद म्हणजे दोन गुण आहेत, आणि मेरिट लिस्टमध्ये दोन गुणांनी काय होतं हे ज्याने भरती दिली आहे त्याला सांगायला नको. पण ज्याचा वेळ ५ मिनिटं ४० आहे, त्याला जगातला कुठलाही बूट ५ मिनिटं १० वर आणणार नाही. तिथे राऊंड मारावे लागतात. आणि तीन आठवडे नडगी दुखून सराव बंद पडला तर जे जातं ते दोन-तीन सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

म्हणून वेगाच्या सरावाचा बूट निवडताना पहिला प्रश्न असा असावा: या बुटात मी आठवड्यातून दोनदा जोरात पळून, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला उभा राहू शकतो का? किती वेगात पळवतो हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

वेगाचा सराव म्हणजे कुठला?

गावाकडे सगळ्यालाच रनिंग म्हणतात, पण बुटाच्या दृष्टीने त्यात फरक आहे. गप्पा मारत पळता येईल असं हळू पळणं हा एक प्रकार. चारशे-चारशे मीटरचे राऊंड जोरात मारून मध्ये थांबणं, म्हणजे इंटरव्हल, हा दुसरा. आणि वीस-तीस मिनिटं दम लागेल पण तुटणार नाही अशा वेगाने सलग पळणं, ज्याला टेम्पो म्हणतात, तो तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी वेगळे बूट लागतात की नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

हळू पळताना टाचेखाली जाड, मऊ फोम असला तर बरं वाटतं. जोरात पळताना मात्र पाय जमिनीवर फार कमी वेळ टेकतो, भार चवड्यावर येतो. तेव्हा फार मऊ बूट गादीवर पळल्यासारखा वाटतो. पाय खाली जातो, पण ढकलायला पक्कं काही मिळत नाही. वळणावर तो डगमगतोही. म्हणून वेगाचा बूट थोडा हलका, थोडा घट्ट बसणारा आणि दाबला की लगेच उसळणारा असावा. पुरुषांच्या ८ नंबरला २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास वजन असलं की काम भागतं. वजन बुटाच्या माहितीत लिहिलेलं असतं. नसलं तर किराणा दुकानातल्या काट्यावर एक बूट ठेवून बघा, कोणी नाही म्हणणार नाही.

कार्बन प्लेटचं खूळ

२०१७ मध्ये नायके कंपनीने व्हेपरफ्लाय नावाचा बूट बाजारात आणला आणि सगळं बदललं. जाड पण अतिशय हलका फोम आणि त्यात वाकलेली कार्बनची पातळ पट्टी. कोलोरॅडो विद्यापीठातच त्याच्या आधीच्या नमुन्याची चाचणी झाली होती. तिथे त्याच वेगाला धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी कमी लागली. तेव्हापासून मोठ्या शर्यतीत पहिल्या ओळीत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या पायात कुठल्या ना कुठल्या कंपनीचा तसाच बूट दिसतो.

हे खरं आहे. पण ते ४ टक्के कोणाचे होते तेही बघा. चाचणीतले १८ धावपटू १० किलोमीटर ३१-३२ मिनिटांत पळणारे होते, आणि वेग ताशी १४ ते १८ किलोमीटर. नंतर दुसऱ्या संशोधकांनी ताशी १० आणि १२ किलोमीटर वेगाला असेच बूट तपासले. तिथे फायदा सरासरी १ टक्क्याच्या आसपास उतरला, आणि काही जणांना तर उलटी जास्त ऊर्जा लागली. ताशी १० किलोमीटर म्हणजे ६ मिनिटांना एक किलोमीटर. आपल्याकडे हाफ मॅरेथॉन दोन-सव्वादोन तासांत पूर्ण करणारे बरेच जण याच वेगाने पळतात. त्यांनी दहा-बारा हजार घालून एक टक्का विकत घ्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

आणखी एक गंमत. पुढे संशोधकांनी त्या बुटातली कार्बनची पट्टी आडवी कापून टाकली आणि धावपटूंना पुन्हा पळवलं. ऊर्जेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे जादू पट्टीची कमी आणि फोमची जास्त असावी. त्यामुळे दुकानदार नुसतं 'साहेब, यात कार्बन आहे' म्हणत असेल तर फोम कुठला आहे ते विचारा. दोन हजारांच्या बुटात कडक पट्टी घालून वर साधा फोम लावलेला असेल, तर तो बूट नुसताच कडक होतो.

दुखापतीचं काय? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या ५ धावपटूंच्या पायातल्या नॅव्हिक्युलर हाडाला इजा झाल्याची नोंद केली. हे हाड घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या वर असतं. पाच जणांवरून बुटाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण ज्याच्या पायाला सवय नाही, त्याने अशा बुटात एकदम रोज पळायला सुरुवात करू नये, एवढं त्यातून नक्की घेता येतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर ते देऊच नयेत. त्यांचा पाय अजून वाढतोय, सहा महिन्यांत नंबरही बदलतो.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर ॲथलेटिक्स खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाच्या तळाची जाडी ४० मिलीमीटरच्या वर चालत नाही. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला इथिओपियाचा धावपटू देरारा हुरिसा ५० मिलीमीटरचा बूट घालून पळाल्यामुळे बाद झाला. ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा २० मिलीमीटरच आहे.

मग फोम कुठला?

बॉक्सवर तीन नावं सारखी दिसतात. ईव्हीए हा सगळ्यात जुना आणि स्वस्त फोम. हलका असतो, पण वापरून वापरून दबतो आणि मग परत उठत नाही. टीपीयू थोडा जड, पण टिकाऊ आणि उसळी बरी. आणि तिसरा पीबा, ज्याला काही कंपन्या पेबॅक्स म्हणतात. हा सगळ्यात हलका आणि सगळ्यात जास्त उसळणारा, पण महाग, आणि बरेचदा लवकर झिजणारा.

भरतीची तयारी करणाऱ्याला चांगल्या ईव्हीएचा, हलका, पट्टी नसलेला बूट पुरतो. दीड ते तीन हजारांत असे बूट मिळतात, क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडमध्येही आणि देशी कंपन्यांचेही. हाफ मॅरेथॉन पावणेदोन तासांच्या आत पळायची जिद्द असेल तर चार ते सहा हजारांतला, उसळी देणारा फोम असलेला पण पट्टी नसलेला किंवा नायलॉनची लवचिक पट्टी असलेला बूट बघा. पैसे वाचवायचे असतील तर एक साधी युक्ती आहे: त्याच बुटाचं मागच्या वर्षीचं मॉडेल. नवीन आलं की जुन्याची किंमत बरीच उतरते आणि फरक बरेचदा रंगाचाच असतो.

किमतीत आणखी एक गोष्ट धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणून २,४९९ आणि २,७९९ अशा दोन जोड्यांत अडकला असाल तर मधला बराचसा पैसा करात जातोय का ते बिलावर बघा.

दुकानात गेल्यावर

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा सुजलेला असतो आणि पळतानाही तो तसाच सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट दहाव्या किलोमीटरला नखं काळी करतो. पळताना जे मोजे घालता तेच घालून जा.

घरी एक काम करून जा. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत पट्टीने मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर यूके, यूएस, युरोपियन नंबरांबरोबर बरेचदा सेंटिमीटरही छापलेले असतात. एका कंपनीचा ८ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ८ शी जुळेलच असं नाही. सेंटिमीटरवरून अंदाज जास्त बरोबर येतो. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तर सेंटिमीटरच बघावेत.

बूट घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटं हलली पाहिजेत. टाच मात्र उचलली जाता कामा नये. वेगाच्या बुटात हे जास्त महत्त्वाचं, कारण जोरात पळताना टाच आत घसरली की फोड येतोच. आपल्याकडे शेतात, किनाऱ्यावर अनवाणी चालून वाढलेल्या बऱ्याच जणांचा पाय पुढे पसरट असतो. त्यांना निमुळत्या टोकाचे परदेशी बूट करंगळीला चावतात. मोठा नंबर घेऊन हे सुटत नाही, टाच सैल होते आणि करंगळी तरी दबतेच. रुंद मापाचा बूट मागा. बॉक्सवर 'वाईड' किंवा '२ई' असं लिहिलेलं असतं.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. छोट्या दुकानांत पळायचे बूट बहुतेक मुलांच्याच मापाचे असतात आणि मुलीला त्यातला लहान नंबर दिला जातो. मुलींची टाच साधारण अरुंद असते, त्यामुळे मागे बूट सैल पडतो. मुलींच्या मापाचा मिळत नसेल तर वरच्या जादा भोकाचा उपयोग करा. घोट्याजवळ लेसच्या ओळीच्या थोडं मागे एक भोक असतं, जे बहुतेकजण रिकामंच सोडतात. त्यात लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच पक्की बसते. हे मुलांनाही चालतं.

मग बूट हातात घेऊन वाकवा. चवड्याच्या जागी वाकला तर ठीक. मधोमध कागदासारखा दुमडला तर ठेवून द्या. टाचेचा कप मागून दाबून बघा, तो लगेच चेपला तर टाचेला आधार मिळणार नाही. शेवटी दुकानाबाहेर दहा पावलं पळून बघायची परवानगी मागा. पळून बघताना कुठे टोचतंय, घासतंय, विचित्र वाटतंय असं झालं तर 'वापरून सैल होईल' या आश्वासनावर विश्वास ठेवू नका. पळायचा बूट पहिल्या दिवसापासून बरा वाटला पाहिजे.

तुमचा तळवा सपाट आहे, म्हणून हा खास बूट घ्या, असंही काही दुकानांत सांगतात. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर बघितलं गेलं. ज्यांचा पाय मध्यम प्रमाणात आत झुकत होता, त्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही आढळलं नाही. आधीच काही त्रास असेल तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्रास नसेल तर पायाला बरं वाटतंय हीच खूण पुरे.

'फर्स्ट कॉपी'बद्दल दोन शब्द. स्टेशनबाहेर आणि इन्स्टाग्रामवर बाराशे-पंधराशेत मोठ्या ब्रँडचे बूट मिळतात. बाहेरून हुबेहूब. आतला फोम कुठला, हे कुणालाच माहीत नसतं, आणि पळताना काम करतो तो फोमच. चालायला, लग्नाला घाला. राऊंड मारायला त्याच पैशांत साध्या कंपनीचा खरा बूट घेतलेला बरा.

आपल्या रस्त्यांवर काय चालतं

वसई-विरार पट्ट्यात एका पाच किलोमीटरच्या फेरीत डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, खड्डा आणि गटाराचं लोखंडी झाकण, सगळंच भेटतं. म्हणून फार जाड आणि अरुंद तळाचा शर्यतीचा बूट इथे धोक्याचा. पेव्हर ब्लॉकच्या कडेवर तो घोट्याला पिळतो. तळ जरा रुंद असलेला बूट निवडा आणि राऊंड शक्यतो मैदानावर मारा. हायवेच्या कडेला वेगाचा सराव करूच नका. कुठलाही बूट ट्रकपुढे उपयोगाचा नाही.

पावसाळ्यात बुटाचा खालचा रबर बघा. काही हलक्या बुटांना वजन वाचवायला खाली रबरच नसतं, उघडा फोम असतो. शेवाळलेल्या काँक्रीटवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर तो घसरतो. निदान चवडा आणि टाचेखाली रबराचे तुकडे असावेत. जीवदानीच्या पायऱ्यांवर सराव करणाऱ्यांनी तर पकड सगळ्यात आधी बघावी, कारण उतरताना घसरलं की काय होईल ते सांगायला नको.

अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर पळायला मजा येते. ओहोटीला ओली वाळू कडक असते, पण किनारा एका बाजूला उतरता असतो. एकाच दिशेने जोरात पळलं की एका पायावर जास्त ताण येतो, म्हणून जाऊन-येऊन सारखं अंतर करा. खारं पाणी आणि वाळू बुटाच्या जाळीत, चिकटवलेल्या सांध्यांत शिरते. वेगाचे चांगले बूट किनाऱ्यावर नेऊच नका, तिथे जुने वापरा.

भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. आतली सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा आणि दोन तासांनी कागद बदला. जुलैमध्ये आपल्याकडे दोन दिवसही वाळत नाहीत, म्हणून दुसरी जोडी असेल तर सोयीचं.

दोन जोड्या परवडतात का?

परवडत नसेल तर एकच घ्या, मधली. फार मऊ नाही, फार पातळ नाही. पण जमलं तर हळू पळायची एक आणि वेगाची एक अशा दोन ठेवाव्यात. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली होती. जे एकापेक्षा जास्त बूट आळीपाळीने वापरत होते त्यांच्यात दुखापतीचं प्रमाण बरंच कमी दिसलं. कारण बहुधा एवढंच की वेगळ्या बुटात पायावरचा ताण थोडा वेगळ्या जागी पडतो.

हिशोबही जुळतो. आठवड्यात पाच दिवस पळणारा वेगाचं काम दोनच दिवस करतो. त्याची वेगाची जोडी आठवड्याला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर जाते. साधा पळायचा बूट ५०० ते ८०० किलोमीटर जातो असं धरतात. म्हणजे दोन-अडीच हजारांची वेगाची जोडी एका भरतीची तयारी पूर्ण करून उरते. तीच जोडी बाजारहाटाला, कॉलेजला, गरब्याला घातली तर तीन महिन्यांत संपते. घरात भावा-भावात बूट वाटून घेऊ नका, एकाच्या पायाने दबलेला फोम दुसऱ्याच्या पायाला बसत नाही.

स्पाइक्स, आणि अनवाणी

भरतीच्या मुलांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे स्पाइक्स घ्यावेत का. स्पाइक्स मातीच्या किंवा सिंथेटिक ट्रॅकसाठी असतात, डांबरावर ते चालत नाहीत. तुमचं ग्राऊंड कुठलं, तिथे स्पाइक्स चालतात का, हे भरतीच्या सूचनांमध्ये बघा. पालघर पोलीस आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय यांची भरती वेगवेगळी होते, मैदानंही वेगळी. चालत असतील तरी चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. स्पाइक्समध्ये टाच खाली येते आणि सगळा भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर पडतो. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा, शेवटच्या दोन-तीन राऊंडपुरते घालून सवय करा.

आणि अनवाणी? मोखाड्याच्या पलीकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच पळायची. पुढे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० ची रोम ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. पण चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून पळाला आणि तीन मिनिटं लवकर पोहोचला. ज्यांचे पाय लहानपणापासून अनवाणी चालून घट्ट झालेत, त्यांनी मातीच्या मैदानावर अनवाणी चार-सहा छोटे राऊंड मारायला हरकत नाही, पायाचे स्नायू मजबूत होतात. डांबरावर काचा आणि खिळे असतात, तिथे नको. बुटांशिवाय भरती द्यायची वेळ आलीच तर लाज वाटून घेऊ नका, पण सरावही तसाच केलेला असू द्या.

कधी घ्यायचे, कधी टाकायचे

मॅरेथॉन डिसेंबरात असते, तेव्हा बूट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत घेतलेले असावेत. नवीन जोडीत आधी दोन-तीन दिवस हळू पळा, मग छोटे वेगाचे तुकडे, मग टेम्पो. शर्यतीआधी त्यात चाळीस-पन्नास किलोमीटर झालेले असले की फोड कुठे येतात, लेस किती आवळायची, हे सगळं कळलेलं असतं. बूट घेतल्याची तारीख आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, किलोमीटर मोबाईलमधल्या ॲपमध्ये किंवा कॅलेंडरवर मांडा.

बूट संपला हे वरून दिसत नाही, वरची जाळी नवी कोरी असू शकते. टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल तर संपत आला. तळाच्या कडेला फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम परत उठत नसेल, तर त्यात राऊंड मारू नका. नडगी किंवा गुडघा विनाकारण दुखायला लागला आणि सराव वाढवलेला नसेल, तर आधी किलोमीटर मोजा. त्या जोडीचे मग दुसरे उपयोग आहेत. किनाऱ्यावर चालायला, चिखलात, पावसात दुकानापर्यंत जायला ती आणखी वर्षभर पुरते.